पानांच्या पोषणतक्त्यांतील आकडे एकमेकांशी का जुळत नाहीत?

पानवही

नमस्कार. औषधी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, पण भाजी म्हणूनही खाल्ल्या जाणाऱ्या वनस्पतींच्या पानांवर एक छोटे माहितीपत्रक लिहिण्याचे काम आमच्या अभ्यासगटाने माझ्यावर सोपवले आहे. शेवगा, घोळ, ब्राह्मी आणि माठ एवढ्या चारच वनस्पती घ्यायच्या, प्रत्येकीच्या पानांतील प्रथिने, लोह, कॅल्शियम आणि जीवनसत्त्वे यांचा तक्ता द्यायचा आणि खाली दोन ओळींचे स्पष्टीकरण लिहायचे, असा साधा बेत होता. तो पहिल्याच वनस्पतीपाशी अडला.

शेवग्याच्या १०० ग्रॅम ताज्या पानांत कॅल्शियम किती, याचे मला तीन आकडे मिळाले. सर्वत्र फिरणाऱ्या एका जुन्या तक्त्यात ४४० मिलिग्रॅम, राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या तक्त्यात ३१४ मिलिग्रॅम आणि अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात १८५ मिलिग्रॅम. प्रथिनांचे आकडे याच क्रमाने ६.७, ६.४ आणि ९.४ ग्रॅम आहेत. म्हणजे ज्या तक्त्यात कॅल्शियम सर्वांत कमी, त्यातच प्रथिने सर्वांत जास्त. वाळवलेल्या पानांच्या भुकटीचे आकडे तर वेगळ्याच जगातले वाटतात : कॅल्शियम २००३ मिलिग्रॅम, लोह २८.२ मिलिग्रॅम, प्रथिने २७.१ ग्रॅम. यांच्याच आधारावर ‘दुधाच्या सतरा पट कॅल्शियम’ आणि ‘पालकाच्या पंचवीस पट लोह’ ही वाक्ये लिहिली जातात.

यांपैकी कोणता आकडा छापावा? तक्त्यातील आकडा आणि शरीराला प्रत्यक्षात मिळणारा अंश यांत किती अंतर असते? आणि एखादे पान औषधी आहे म्हणून ते अधिक पौष्टिक असते, असे मानण्यास काही आधार आहे का? जाणकारांनी सविस्तर लिहिल्यास आभारी राहीन.

मूस आणि वजनकाटा

मी अन्नपदार्थांचे पृथक्करण करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करतो. त्यामुळे मी तक्ता कसा तयार होतो त्या बाजूने लिहितो. शोषणाविषयी आहारशास्त्रातील कोणीतरी लिहावे.

कोणताही तक्ता हाती आला की मी प्रथम आर्द्रतेची ओळ पाहतो. तुम्ही म्हणता तो जुना तक्ता १९९०च्या दशकाच्या अखेरीस सेनेगलमधील कुपोषणविरोधी कामातून जगभर पसरला. त्यात ताज्या पानांची आर्द्रता ७५ टक्के आणि भुकटीची ७.५ टक्के दिलेली आहे. म्हणजे १०० ग्रॅम ताज्या पानांत २५ ग्रॅम शुष्क पदार्थ आणि १०० ग्रॅम भुकटीत ९२.५ ग्रॅम. वाळवताना पाण्याखेरीज दुसरे काही गेले नाही असे धरले, तर प्रत्येक घटक बरोबर ३.७ पट दाट व्हायला हवा. आता हा गुणक घेऊन तक्त्यात वरून खाली या. प्रथिने ६.७ ग्रॅम होती, ती २४.८ व्हायला हवीत, भुकटीत २७.१ आहेत, म्हणजे ठीक. लोह ७ मिलिग्रॅमवरून २५.९ व्हायला हवे, २८.२ आहे, तेही चालेल. जीवनसत्त्व ‘क’ २२० मिलिग्रॅमवरून ८१४ व्हायला हवे होते, पण भुकटीत केवळ १७.३ मिलिग्रॅम उरले आहे. हे विसंगत नाही, कारण हे जीवनसत्त्व हवा, उष्णता आणि उजेड यांपुढे टिकत नाही; वाळवण्यात त्यातील जवळजवळ ९८ टक्के गेले, एवढाच त्याचा अर्थ.

पण पुढे जे दिसते त्याला काय म्हणावे? जीवनसत्त्व ‘ब-२’ ताज्या पानांत ०.०५ मिलिग्रॅम आणि भुकटीत २०.५ मिलिग्रॅम, म्हणजे अपेक्षेच्या शंभर पटींहून अधिक. पाणी उडाल्याने जीवनसत्त्व निर्माण होत नाही. उलट तांबे १.१ मिलिग्रॅमवरून ०.५७ वर उतरले आहे. तांबे हा धातू आहे, तो उन्हात उडून जात नाही. तो चार मिलिग्रॅमच्या आसपास दिसायला हवा होता. मॅग्नेशियम २४ चे ३६८ झाले आहे, म्हणजे १५ पट. आणखी एक गंमत पाहा : त्याच तक्त्यात शेंगांचे आणि ताज्या पानांचे मॅग्नेशियम, पोटॅशियम आणि गंधक यांचे आकडे तंतोतंत सारखे आहेत, अनुक्रमे २४, २५९ आणि १३७. शेंग आणि पान हे दोन वेगळे अवयव आहेत. तीन खनिजे शेवटच्या अंकापर्यंत जुळण्याचा योगायोग मी माझ्या नोकरीत एकदाही पाहिलेला नाही. कुठेतरी एका रकान्यातील आकडे दुसऱ्यात उतरवले गेले असावेत, असे माझे मत आहे. तक्ता पूर्णपणे टाकाऊ आहे असे मी म्हणत नाही, पण त्यातील प्रत्येक ओळ सारख्याच विश्वासाने छापता येणार नाही.

आता ‘पंचवीस पट लोह’ पाहू. येथे वाळलेल्या शेवग्याची ताज्या पालकाशी तुलना केली आहे. शिवाय २८.२ ला पंचवीसने भागल्यास पालकातील लोह १.१ मिलिग्रॅम धरलेले दिसते. अमेरिकी तक्त्यात ते २.७ आहे. तो आकडा घेतला तर पंचवीस पटींचे दहा पट होतात. त्याही पुढे जाऊन पालकाचीच भुकटी केली तर? पालकात पाणी ९१.४ टक्के, म्हणजे शुष्क पदार्थ ८.६ ग्रॅम. तो ९२.५ ग्रॅमपर्यंत दाट केल्यावर १०० ग्रॅम पालक भुकटीत सुमारे २९ मिलिग्रॅम लोह भरते. शेवग्याच्या भुकटीत २८.२ मिलिग्रॅम आहे. सगळी पंचवीस पट पाण्यात होती. दुधाचेही तसेच आहे : ताज्या दुधात कॅल्शियम १२० मिलिग्रॅमच्या आसपास असते, पण साय न काढलेल्या दुधाच्या भुकटीत ते ९०० मिलिग्रॅमच्या पुढे जाते, त्यामुळे भुकटीची भुकटीशी तुलना केल्यास सतरा पट ही दुप्पटीच्या थोडी वर येऊन थांबते. दुप्पट हीदेखील काही लहान गोष्ट नाही. पण ती सतरा पट नव्हे.

प्रथिनांविषयी एक सावधगिरी आवश्यक आहे. आपण प्रथिने थेट मोजत नाही. १८८३ मध्ये योहान जेल्डाल यांनी बसवलेल्या पद्धतीने नमुन्यातील नायट्रोजन मोजतो आणि प्रथिनांत सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो असे धरून त्याला ६.२५ ने गुणतो. मांस किंवा अंडे यांसाठी हे चालते. पानांत मात्र हरितद्रव्य, सुटी अमिनो आम्ले, न्यूक्लिक आम्ले आणि, औषधी पानांच्या बाबतीत विशेषतः, अल्कलॉइडे (वनस्पतींत तयार होणारी, बहुधा कडू आणि शरीरावर तीव्र परिणाम करणारी द्रव्ये) यांतही नायट्रोजन असतो आणि तो सगळा प्रथिनांच्या खात्यावर जमा होतो. अनेक जातींच्या पानांवर प्रत्यक्ष अमिनो आम्ले मोजून काढलेला गुणक ४.४ च्या आसपास येतो. त्या हिशेबाने ६.७ ग्रॅमचे ४.७ ग्रॅम होतात. अहवालात ‘कच्ची प्रथिने’ हा शब्द असतो तो याचसाठी. माहितीपत्रकात येईपर्यंत त्यातील ‘कच्ची’ गळून पडते.

‘स्निग्ध पदार्थ’ या ओळीवरही असाच डोळा ठेवावा. ईथर या द्रावकाने अर्क काढून तो उडवून दिल्यावर बियांच्या नमुन्यात चंचुपात्राच्या तळाशी स्वच्छ पिवळसर तेल उरते. पानांच्या नमुन्यात गडद हिरवा, चिकट, मेणासारखा थर उरतो. त्यात हरितद्रव्य असते, कॅरोटीन असते, पानावरचे मेण असते, आणि वजन मात्र सगळ्यांचे मिळून स्निग्ध पदार्थ म्हणून नोंदले जाते.

शेवटी लोह. मूस, म्हणजे नमुना जाळण्याचे छोटे भांडे, ५५० अंशांच्या भट्टीतून बाहेर काढल्यावर पानांची राख पांढरी-करडी आणि पिसासारखी हलकी दिसते. तिच्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकले की कार्बोनेटे फसफसतात आणि बहुतेक राख विरघळून जाते. पाने नीट धुतलेली नसतील, तर तळाशी काचेच्या सळईला कचकचणारे काहीतरी उरते. ती माती असते. आणि मातीत लोह भरपूर असते. पुष्कळ प्रयोगशाळा ही आम्लात न विरघळणारी राख वेगळी नोंदवतात. ती जास्त असेल तर त्या नमुन्याच्या लोहाच्या आकड्यावर मी विसंबत नाही. दळणयंत्राची पाती झिजूनही थोडे लोह भुकटीत उतरते, हे वेगळेच.

देठापासून

वरील विवेचनात एका गोष्टीची भर घालतो, कारण ‘कॅल्शियम कमी तेथे प्रथिने जास्त’ हे मूळ प्रश्नातले निरीक्षण फार नेमके आहे आणि त्याचे उत्तर प्रयोगशाळेत नसून झाडावर आहे.

अमेरिकी तक्त्यातील ती नोंद पूर्वी शेवग्याचे ‘कोवळे शेंडे’ या अर्थाच्या नावाने होती. पुढे तिचे नाव नुसते ‘पाने’ असे झाले. कोवळा शेंडा आणि पूर्ण वाढलेले पान यांची रचना एकसारखी नसते. नायट्रोजन, पोटॅशियम आणि स्फुरद ही झाडात फिरती द्रव्ये आहेत. पान जून होऊ लागले की झाड ती काढून घेऊन नव्या पालवीकडे पाठवते. कॅल्शियमचे तसे नाही. ते मुळांकडून पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर चढते, पानात बसते आणि तेथून पुन्हा हलत नाही. पान जितके दिवस बाष्पोत्सर्जन करील तितके ते साठत जाते. म्हणून कोवळ्या शेंड्यांत प्रथिने अधिक आणि कॅल्शियम कमी, तर जून पानांत कॅल्शियम व तंतू अधिक आणि प्रथिने कमी. तुमच्या तीन तक्त्यांतील फरकाचा मोठा भाग यातच असावा.

उजेडाचाही वाटा असतो. पानात आलेले नायट्रेट प्रथिनांसाठी वापरण्याची प्रक्रिया उजेडावर चालते, त्यामुळे सावलीत किंवा ढगाळ दिवसांत वाढलेल्या पालेभाजीत नायट्रेट साचते. घोळीचे पान पहाटे आणि दुपारी चाखून पाहिले तर दोन्हींची चव वेगळी लागते, विशेषतः पाण्याचा ताण बसलेल्या रोपाची. असे रोप रात्री कार्बन डायऑक्साइड घेऊन मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा ते वापरून टाकते, म्हणून पहाटेचे पान आंबट आणि दुपारचे सौम्य. एकच रोप, एकच पान, बारा तासांत आम्लाचे प्रमाण निराळे.

आता यादीतील ‘ब्राह्मी’विषयी. या एका नावाने दोन निराळ्या वनस्पती ओळखल्या जातात. एक सेंटेला एशियाटिका, म्हणजे मंडूकपर्णी, जिची पाने वाटोळी, मूत्रपिंडाच्या आकाराची असतात आणि जी भाजी म्हणूनही खाल्ली जाते. दुसरी बाकोपा मोनिएरी, म्हणजे जलब्राह्मी, जिची पाने लहान, मांसल आणि चवीला कडू असतात. दोन्हींची कुळे वेगळी, घटक वेगळे. माहितीपत्रकात वनस्पतीचे शास्त्रीय नाव आणि पानांची अवस्था, म्हणजे कोवळे शेंडे की पूर्ण वाढलेली पाने, एवढे दोन तपशील दिलेत तरी पुष्कळ गोंधळ टळेल.

पानवही

दोघांचेही आभार. ३.७ ने गुणण्याची युक्ती मी लगेच इतर दोन तक्त्यांवर वापरून पाहिली आणि एकात पोटॅशियम चुकीच्या एककात छापलेले सापडले. यादीत मी ‘ब्राह्मी’ एवढेच लिहिले होते. तेथे आता मंडूकपर्णी लिहीन. शोषणाचा प्रश्न मात्र अजून शिल्लक आहे. कॅल्शियमचा आकडा बरोबर ठरला तरी ते सगळे शरीराला मिळते का?

ताटातले गणित

नाही, आणि किती मिळते हे वनस्पतीगणिक इतके बदलते की केवळ तक्ता पाहून एका पानाची दुसऱ्याशी तुलना करणे धोक्याचे ठरते. मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. रोजच्या सल्ल्यात याच मुद्द्यावर सर्वाधिक गैरसमज आढळतात.

कॅल्शियमपासून सुरुवात करू. माठ, पालक आणि घोळ यांच्या पानांत ऑक्झलेट भरपूर असते. ते कॅल्शियमला धरून न विरघळणारे स्फटिक बनवते आणि ते कॅल्शियम आतड्यातून तसेच पुढे निघून जाते. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पालकातील कॅल्शियमचे शोषण सरासरी ५ टक्के आणि दुधातील सुमारे २७ टक्के आढळले होते. दोन वर्षांनी त्याच पद्धतीने केल या कोबीवर्गीय पालेभाजीचा अभ्यास झाला, तेव्हा तिच्यातील कॅल्शियमचे शोषण सुमारे ४१ टक्के, म्हणजे दुधापेक्षाही सरस निघाले, कारण केलमध्ये ऑक्झलेट अगदी थोडे असते. दोन्ही हिरवी पाने, दोन्हींत कॅल्शियम, आणि शोषणात आठ पटींचा फरक. पाने भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून दिल्यास विरघळणारे ऑक्झलेट बऱ्याच प्रमाणात कमी होते. मात्र त्याच पाण्याबरोबर जीवनसत्त्व ‘क’ आणि फोलेट हे ‘ब’ गटातील जीवनसत्त्वही जातात, हे ध्यानात घेऊन निवड करावी लागते. ज्यांना ऑक्झलेटचे मुतखडे होतात त्यांनी माठ, पालक आणि घोळ यांचा कच्चा रस रोज पिण्याचा प्रयोग करू नये, हे मी स्पष्टपणे सांगते.

लोहाची गोष्ट थोडी वेगळी आहे. पानांतील लोह अहीम प्रकारचे, म्हणजे मांसातल्यासारखे हीम या रक्तद्रव्यात न बांधलेले असते आणि त्याचे शोषण सोबतच्या अन्नावर फार अवलंबून असते. जेवणात जीवनसत्त्व ‘क’ असलेले काही असेल तर शोषण वाढते. चहा-कॉफीतील किंवा त्याच पानांतील टॅनिन आणि इतर पॉलिफेनॉले ते घटवतात. येथे तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर दडलेले आहे. ज्या तुरट टॅनिनांमुळे एखादे पान जुलाबावर उपयोगी मानले जाते, तीच टॅनिने लोहाला बांधून ठेवतात. औषधी गुण आणि पोषणमूल्य हे एकाच दिशेने वाढतात असे मुळीच नाही. कित्येकदा ते एकमेकांच्या आड येतात.

जीवनसत्त्व ‘अ’ पानांत तयार स्वरूपात नसते; बीटा-कॅरोटीन असते आणि त्याचे रूपांतर शरीर करते. पूर्वी ६ मायक्रोग्रॅम बीटा-कॅरोटीनमागे १ मायक्रोग्रॅम जीवनसत्त्व ‘अ’ असा हिशेब होता. २००१ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने तो १२ ला १ असा केला. म्हणजे पानांतील जीवनसत्त्व ‘अ’ एका बैठकीत निम्मे झाले. पान तेच होते. यामागे इंडोनेशियातील स्तनदा मातांवर झालेल्या आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासारखे पुरावे होते, ज्यात रोज गडद हिरव्या पालेभाज्या खाऊनही मातांच्या जीवनसत्त्व ‘अ’च्या पातळीत सुधारणा दिसली नव्हती. कॅरोटीन पानाच्या पेशींत हरितलवकांमध्ये अडकलेले असते. चिरणे, वाटणे, शिजवणे यांनी ते सुटे होते, आणि जेवणात थोडे तरी तेल किंवा तूप असावे लागते. त्यासाठी तीन ते पाच ग्रॅम, म्हणजे साधारण एक लहान चमचा, पुरतो. त्यामुळे जुन्या तक्त्यातील आकडा घेताना तो बीटा-कॅरोटीनचा आहे, जुन्या एककातील आहे की नव्या, हे पाहिल्याशिवाय छापू नका.

घोळीची ख्याती तिच्या ओमेगा-३ साठी आहे आणि ती खोटी नाही : १०० ग्रॅम ताज्या पानांत ३०० ते ४०० मिलिग्रॅम अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे वनस्पतींतले ओमेगा-३, असते, जे पालेभाजीच्या मानाने खूपच आहे. पण प्रौढ स्त्रीची दिवसाची गरज १.१ ग्रॅम आणि पुरुषाची १.६ ग्रॅम धरली जाते, आणि माशांतून मिळणारी दीर्घ साखळीची ओमेगा-३ आम्ले या आम्लापासून शरीरात फारच थोडी तयार होतात. ‘माशाला पर्याय’ हे शब्द म्हणूनच वापरू नयेत.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे १०० ग्रॅम हे माप कोण खाणार आहे? ताज्या पानांची भाजी १०० ग्रॅम सहज खाल्ली जाते. शेवग्याची भुकटी कोणी १०० ग्रॅम खात नाही. दिवसाला १० ग्रॅम हेसुद्धा पुष्कळ झाले आणि चवीला ते जड जाते. त्या १० ग्रॅममध्ये जुन्या तक्त्याप्रमाणे कॅल्शियम २०० मिलिग्रॅम, म्हणजे प्रौढाच्या १००० मिलिग्रॅम गरजेचा पाचवा हिस्सा, आणि कच्ची प्रथिने २.७ ग्रॅम, वर सांगितलेला ४.४ चा गुणक लावला तर १.९ ग्रॅमच. कॅल्शियमच्या दृष्टीने ही चांगली भर आहे. प्रथिनांच्या दृष्टीने ती नगण्य आहे. तुळस, पुदिना यांसारखी सुगंधी पाने तर एका वेळी जेमतेम दोन-तीन ग्रॅम पोटात जातात. त्यांच्या १०० ग्रॅमांमागच्या आकड्यांना आहारात काही अर्थ उरत नाही.

एक सूचना माहितीपत्रकात ठळकपणे यावी. गडद हिरव्या पानांत जीवनसत्त्व ‘के’ खूप असते आणि ते वारफेरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाच्या विरुद्ध काम करते. अशा रुग्णांनी पालेभाजी बंद करावी असे नाही, प्रमाण रोज साधारण सारखे ठेवावे. एखाद्या आठवड्यात अचानक हिरव्या रसाचे प्याले सुरू करणे हे त्यांच्यासाठी धोक्याचे असते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना पोटॅशियमही पाहावे लागते.

देठापासून

औषधी म्हणजे पौष्टिक का, याचे उरलेले अर्धे उत्तर मी देतो. पोषणतक्त्यात जे रकाने असतात त्यांत वनस्पतीचे औषधी द्रव्य कुठेच दिसत नाही. मंडूकपर्णीतील एशियाटिकोसाइड, शेवग्यातील ग्लुकोमोरिंगिन, तुळशीतील युजेनॉल यांपैकी एकही प्रथिने, कर्बोदके, स्निग्ध पदार्थ, खनिजे या वर्गवारीत नोंदले जात नाही. त्यामुळे तक्ता उत्तम असणे आणि पान निर्धोक असणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत.

याचे माझ्या मते सर्वांत बोलके उदाहरण कॉम्फ्रे या वनस्पतीचे आहे. तिची पाने हाडे सांधण्यासाठी लेपात वापरली जात. पुढे पानांतील प्रथिनांचे गोडवे गायले गेले आणि वनस्पतींत न आढळणारे जीवनसत्त्व ‘ब-१२’ यात मिळते असेही सांगितले गेले. पोषणाचा रकाना खरोखर भरगच्च होता. पण पानांत पायरोलिझिडीन अल्कलॉइडे असतात, ती यकृतातील बारीक शिरा बंद करतात, आणि २००१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कॉम्फ्रे असलेली पोटात घेण्याची उत्पादने बाजारातून काढून घेण्यास उत्पादकांना सांगितले. वर जेल्डाल पद्धतीविषयी जे लिहिले आहे ते आठवा : ती अल्कलॉइडेही नायट्रोजनयुक्तच आहेत. म्हणजे विषाचाही थोडा अंश प्रथिनांच्या आकड्यात मिळवला गेला असणार!

कसावा या कंदपिकाची पाने हे दुसरे टोक. त्यांत सायनाइड सोडणारी लिनामारिनसारखी द्रव्ये असतात, तरीही कोट्यवधी लोक ती खातात, कारण ती कांडून, बराच वेळ शिजवून मगच खातात. कांडल्याने पेशी फुटतात, पानातलेच विकर (एन्झाइम) त्या द्रव्याचे विघटन करते आणि तयार झालेला वायू उडून जातो. कच्च्या पानाचा पोषणतक्ता येथे कोणाच्याच कामाचा नाही. शिजवलेल्या पानाचाच हवा.

पानवही

तुम्हा सर्वांच्या उत्तरांवरून मी मजकूर असा बदलला आहे. तक्त्यात केवळ ताज्या पानांचे आकडे राहतील आणि प्रत्येक आकड्यासमोर शास्त्रीय नाव, पानांची अवस्था व आर्द्रता येईल. शेवग्याच्या कॅल्शियमसाठी एक आकडा न देता ‘कोवळ्या शेंड्यांत १८५ मिलिग्रॅम, पानांत ३१४ ते ४४० मिलिग्रॅम’ असे लिहीन. ‘पट’ हा शब्द संपूर्ण पत्रकातून काढून टाकला आहे. माठ आणि घोळ यांच्या कॅल्शियमखाली ऑक्झलेटची टीप आणि शेवटी वारफेरिनची सूचना चौकटीत येईल. भुकटीसाठी वेगळी ओळ ठेवावी की नाही, याबद्दल अजून निर्णय होत नाही, कारण वाचक नेमके तेच विचारणार आहेत.

मूस आणि वजनकाटा

भुकटीची ओळ ठेवावी, फक्त ती १०० ग्रॅमऐवजी १० ग्रॅमची करावी. कॅल्शियम, लोह आणि कच्ची प्रथिने एवढे तीनच आकडे द्यावेत. जीवनसत्त्व ‘क’पुढे ‘वाळवताना जवळजवळ नष्ट होते’ असे शब्दांत लिहावे. ‘ब-२’, तांबे आणि मॅग्नेशियम या ओळी त्या जुन्या तक्त्यातून उचलू नका. आणि कोवळ्या शेंड्यांच्या १८५ समोर आर्द्रता ७८.७ टक्के लिहायला विसरू नका. ३१४ समोर ती ७५.६ आहे.

ताटातले गणित

‘१० ग्रॅम’च्या शेजारी चमच्याचे मापही द्यावे, आणि ते स्वतः तोलून घ्यावे. बारीक दळलेली आणि भरड भुकटी एकाच चमच्यात सारख्या वजनाची बसत नाही.

पानवही

आज संध्याकाळी तोलून पाहते. माझ्याजवळ दोन्ही प्रकारच्या भुकट्या आहेत.